बुधवारचं ताट

"बनी तो बनी, नहीं तो परभनी." ही म्हण बाहेरच्यांपेक्षा आमी परभनीवालेच जास्ती वापरतो. कुणाची बदली झाली की म्हण, एका ठिकाणची सोयरीक मोडून दुसरीकडं जमली की म्हण. स्टेशनामागच्या गल्लीत सरजाबाईची खानावळ होती, तिथं मात्र ती चालत नव्हती. कुणी म्हणली की सरजाबाई तव्यावरची भाकर उलथता उलथता म्हणायची, "कुठंच बनलं न्हाई त्याला जे गाव पदरात घेतं, त्याच गावाला नावं ठिवता व्हय रे? खा गुमान."

बाई उंचीला बेताची, अंगानं काटक आणि बोलायला खडी. गाव तिचं जिंतूर भागातलं. गावाचं नाव घेत न्हाई. अठ्ठ्यात्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला तवा तशी लय गावं होती, एकाचंच नाव कशाला? तिची वस्ती जळाली. नवरा आधीच वारलेला, लेक बोरीला दिलेली. बाई तवा, परात आणि पाटा-वरवंटा घेऊन परभनीला आली आणि स्टेशनावरच्या हमालांना भाकरी करून घालायला लागली. हळूहळू हमालांच्या जोडीला रेल्वेचे कामगार आले, कॉलेजची पोरं आली, एकटे-दुकटे मास्तर आले. नवा कुणी आला की इकडं तिकडं बघून विचारायचा, बाई कोणाची? ती सरळ सांगायची, "बौद्धाची. बसायचं का उठायचं?" बहुतेक बसायचे. भूक लागलेली असायची आणि वास नाकात गेलेला असायचा.

तिचे दोन नेम होते. खानावळीत उधारी न्हाई, हा एक. दुसरा म्हंजी कुणाच्या दारात काही मागायला जायचं न्हाई. लहानपणी ती आजीसंगं येसकरीच्या भाकरी गोळा करायला जायची. सांजच्याला दारोदार उभं राहायचं, घुंगराची काठी आपटायची, आणि वरून टाकलेला शिळा तुकडा टोपल्यात झेलायचा. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली तवा बापानं ती काठी मोडून चुलीत घातली. तिच्यावर त्या दिवशी बरबटीची उसळ शिजली, असं सरजाबाई सांगायची. तवापासून ती शेजारणीला विरजणसुद्धा मागत नव्हती. विरजण न्हाई तर ताक न्हाई.

अशी बाई एक्क्याण्णव साली दारोदार फिरली, आणि तीही दुसऱ्याच्या पोटासाठी.

तो दुसरा म्हंजी इथियोपियाचा एक विद्यार्थी. तेस्फा त्याचं नाव. उंच, सडपातळ, काळासावळा, डोळे मोठे, आवाज बारीक. शेतकी शिकायला निघाला तवा त्यानं हिंदुस्थानातल्या तीन कॉलेजांना अर्ज केले. दिल्लीनं न्हाई म्हणलं. पुण्यानं सांगितलं, पुढल्या वर्षी बघू. परभनीचं नाव त्यानं अगदी शेवटी, असावं एक म्हणून टाकलं होतं. परभनीनं घेतलं. तिकडच्या सरकारचा पैसा यायचा, इकडं फी भरली जायची, होस्टेलच्या मेसमदी गडी जेवायचा. रविवारी सांजच्याला मेस बंद असायची, म्हणून तेवढ्या रविवारचा तो सरजाबाईकडं यायचा. वर्षभरात बोलायलाही शिकला. त्याची बोली म्हंजी अर्धी खानावळीशेजारच्या करीमभाई दर्ज्याची दखनी आणि अर्धी कॉलेजच्या गड्यांची मराठी. सरजाबाईनं त्याच्या नावाला आपल्याकडचा बा लावून त्याचा तेसबा करून टाकला.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तिकडचं सरकार उलथलं आणि पैसा बंद झाला. त्याच महिन्यात पुण्याचं पत्र आलं, जागा हाय, ये. पण फी पुरी भरायची आणि खोली आपली आपण बघायची. परभनीच्या प्रिन्सिपलांनी फी माफ केली आणि होस्टेलची खोलीही फुकट दिली. मेस मात्र ठेकेदाराची, तिथं त्यांचा इलाज न्हवता. पुण्यात त्याच्या मुलखाचा एक दोस्त होता. तो म्हणत होता, पुण्याच्या कागदाला जगात किंमत हाय, परभनी कुणाला ठाऊक? इथल्या गड्यांचंही तेच, जा बाबा पुण्याला, इथं काय ठुलंय?

जुलैतल्या एका रविवारी तो सांगायला आला की जायलोय. सरजाबाईनं विचारलं, "जेवशील कुठं?"

"बघू मावशी."

"राहशील कुठं?"

"बघू."

"नुसतं बघून पोट भरतं का रं?"

तो हसला आणि मान खाली घालून जेवला. ताटात एक कण ठेवला न्हाई. पुण्यात त्याचं काय होणार हे तिला तवाच कळलं. फी भरायला हॉटेलात ताटं धुणार, ताटं धुता धुता अभ्यास सुटणार, आणि एक दिवस कागदही न्हाई आणि घरही न्हाई. तिनं अशी पोरं स्टेशनावर बघितली होती.

आता कुणी म्हणंल, तिनं त्याला फुकट का न्हाई घातलं? तिला ते जमलं असतं. पण तिचा एक अनुभव होता. फुकट खाणारा चार दिवस माणसासारखा येतो, पाचव्या दिवशी चोरासारखा येतो आणि सहाव्या दिवशी येतच न्हाई. एका घराच्या उपकाराचा भार एका गड्याला सोसत न्हाई, असं तिचं म्हणणं.

खानावळीत रोज जेवायला एक दिनकरराव म्हणून रिटायर हेडमास्तर यायचे. मूळचे गंगाखेडचे, ब्राह्मण, बायको गेलेली. ही सगळी भानगड ऐकून ते सहज बोलून गेले की ते स्वतः गंगाखेडला वारावर जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार आणि सात घरं. कुणाला भार होत न्हाई आणि कुणाचं मिंधं राहावं लागत न्हाई.

सरजाबाईचा हात परातीतच थांबला. तिनं विचारलं, "दारात का घरात, गुरुजी?"

"घरात. पाट मांडून, ताट वाढून. वाराचा विद्यार्थी म्हणजे घरचा माणूस."

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि भाकर थापायला लागली. दिनकररावांना वाटलं, गोष्ट तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर बाईनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि बाहेर पडली. रविवार तिचा स्वतःचाच. सोमवार दिनकररावांच्या पुतण्यानं घेतला, कारण चुलता म्होरं उभा होता. शुक्रवार करीमभाई दर्ज्याच्या बायकोनं, खैरूबीनं घेतला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार रेल्वेच्या चाळीत मिळाले. प्रत्येक दारात बाईचं बोलणं सारखंच असायचं, की हप्त्यातून एक वार ताट पायजे, डबा न्हाई आणि उरलंसुरलंबी न्हाई. काही घरांनी न्हाई म्हणलं. एका बाईनं तर दारातूनच विचारलं, हबशाला घरात घ्यायचं? सरजाबाई म्हणाली, "न्हाई घेतलं तर तुमचं घर लहानच राहील," आणि म्होरं निघाली.

बुधवार तेवढा राहिला. दोन दिवस फिरूनही बुधवार मिळंना. शेवटी उरलं एकच दार, आबासाहेबांचं.

आबासाहेब तिच्याच गावचे मोठे शेतकरी. पोरांच्या शिक्षणासाठी परभनीला बंगला बांधून राहिलेले. अठ्ठ्यात्तर साली आग लावणाऱ्यांत ते नव्हते. विझवायलाही आले नव्हते. तेरा वर्षांत सरजाबाई त्या बंगल्याच्या गल्लीतूनसुद्धा गेली नव्हती, लांबचा रस्ता धरायची. त्या दिवशी फाटकाम्होरं बराच वेळ उभी राहिली, असं तिनंच पुढं सांगितलं. तेसबा न्हाई, आजीच डोळ्याम्होरं येत होती म्हणाली, टोपलं घेतलेली.

आबासाहेब ओट्यावर पान लावत बसले होते. बघून म्हणाले, "सरजे, लय वर्सांनी."

"सरजाबाई म्हना, आबासाहेब. आता केस पांढरे झाले."

त्यांनी पान तसंच हातात धरलं. तिनं काम सांगितलं. ते ऐकून बरंच मवाळ झाले, म्हणाले गरीब विद्यार्थ्याला कशाला न्हाई म्हणू, बुधवारी गड्याला पाठव, मागच्या दारानं डबा भरून देऊ.

"डबा नको. ताट पायजे. घरात बसवून."

"मागायला आलीस का हुकूम सोडायला?"

"मागायलाच आले. पन मागच्या दारानं दिलेलं आमच्या आजीनं लय खाल्लंय. पुन्हा कुनाला खायला लावनार न्हाई."

आबासाहेब काही बोलायच्या आत घरातून त्यांची बायको, गीताबाई, बाहेर आली. डोईवरचा पदर सारखा करत नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "बुधवार आमचा. अकराला पाठवा, वेळ चुकवू नगा म्हनावं."

अशी सात घरं झाली आणि तेसबा राहिला. पुण्याच्या दोस्तानं कळवलं, जागा ऑगस्ट सरेपर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवतील, विचार कर.

आता खरी गंमत इथून म्होरं. तेसबा किरिस्ताव, पण त्यांचा पंथ लय जुना आणि उपासाचा कडक. बुधवार आणि शुक्रवार हे त्यांचे बारमाही उपास. पयल्याच बुधवारी गीताबाईनं पुरणपोळी केली, वर तुपाची धार धरली, आणि पाहुणा म्हणाला, आज उपास. गीताबाईला इतका आनंद झाला की विचारू नका. परदेशातला माणूस आणि बुधवारचा उपास धरतो! तिनं पोळ्या बाजूला केल्या आणि पुढल्या बुधवारपासून तुपातली भगर, साबुदाण्याची खिचडी, दह्याची वाटी, वर मसाल्याचं दूध. शुक्रवारी खैरूबीचा वेगळाच हिशोब. उपास म्हंजी रोजा, असं धरून तिनं त्याला दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय बसवून ठेवलं आणि मग खजूर आणि दुधातली खीर म्होरं केली.

अन् त्यांच्या उपासाला दूध, तूप, दही, अंडं, मटण यातलं काहीच चालत न्हाई. बाकी सगळं चालतं. भाकर, वरण, भाजी, ठेचा, पोटभर. म्हंजी जे चालत होतं ते ही माणसं मायेनं बाजूला काढत होती, आणि जे चालत न्हवतं ते आग्रहानं वाढत होती. तेसबा शेंगदाणे तेवढे वेचून खायचा आणि हात जोडून उठायचा. पाहुण्यानं ताटातल्याला नाव ठेवायचं न्हाई, अशी त्याला आईची शिकवण.

ऑगस्टात त्यांचा पंधरा दिवसांचा मोठा उपास आला आणि नेमका त्यातच आपला श्रावण लागला. साऱ्या घरांत बोभाटा झाला, पाहुणा श्रावण पाळायलाय! मग काय, सोमवारी तुपातली भगर, मंगळवारी तुपातली भगर, बुधवारी भगर आणि वर तूप. जो तो बायकोला सांगायचा, त्याचा उपास मोडू देऊ नको.

गडी वाळून चालला. आबासाहेबांना वेगळंच लागलं. त्यांनी माणसाकरवी खानावळीत निरोप धाडला की ताट मागितलं, ताट दिलं, आता तुझा पाहुणा ताटाला हात लावत न्हाई. आमचं अन्न कमी दर्जाचं वाटत असंल तर बुधवार बंद.

हा निरोप आला तो रविवारचा दिवस होता, आणि तेसबा निरोप घ्यायलाच आला होता. आगगाडीचं तिकीट काढतो म्हणाला. सगळ्या घरांना माझा त्रास व्हायलाय. सरजाबाईनं पाट मांडला. तिनं बघितलं, त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. श्रावणामुळं तिच्याकडंही त्या दिवशी मटण न्हवतं. भरलेली वांगी होती, जवसाची चटणी होती, ज्वारीची भाकर होती. तेसबा बसला आणि एक भाकर खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागितली.

"तुला तर उपास हाय म्हने?"

"हाय ना मावशी."

"मंग हे काय खायलास?"

"हे चालतं." मग हळूच म्हणाला, "हेच चालतं."

तिनं तवा खाली उतरवला आणि एकेक विचारून घेतलं. दूध? न्हाई. तूप? न्हाई. भाकर? चालती. तेल? चालतं. सगळं ऐकून झाल्यावर बाई कपाळाला हात लावून हसली.

"मेल्या, हा कसला उपास? आमच्या वस्तीत जलमभर रोज हाच उपास असतो. बोलला का न्हाईस?"

तो म्हणाला, त्या माउल्या इतक्या मनानं वाढत होत्या, कसं बोलू? सरजाबाई म्हणाली, तिकीट काढायचं तर बुधवार झाल्यावर काढ.

बुधवारी सकाळी ती पुन्हा त्या फाटकातून आत गेली. ह्या खेपेला थांबली न्हाई. गीताबाईला सगळं समजावून सांगितलं. गीताबाई ऐकून घाबरली. पाहुणा उपाशी राहिला याचं तिला वाईट वाटलंच, पण उपासाच्या माणसाला धान्य वाढायचं? तिच्या सासरी, माहेरी असं कधी घडलं न्हवतं. ती म्हणाली, "उपास धरलेल्याच्या ताटात भाकर वाढली तर पाप कुनाला लागंल?"

"मपल्या नावावर लिवा, बाई. तुमच्या देवाकडं मपलं खातंच न्हाई."

गीताबाईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पण चुलीकडं जाईना. हात धजत न्हवता. शेवटी म्हणाली, "मंग आत या. पयली भाकर तुमीच टाका."

सरजाबाई उंबऱ्यात थबकली. मागं आबासाहेब ओट्यावर बसलेले. त्यांनी ऐकलं होतं. हो म्हणले न्हाईत आणि न्हाईही म्हणले न्हाईत, वर्तमानपत्र तोंडाम्होरं धरून बसले. बाईनं पाय धुतले आणि आत गेली. त्या घराच्या शेतात तिच्या तीन पिढ्या राबल्या होत्या. स्वयंपाकघर ती पयल्यांदा बघत होती. तिनं परात ओढली, पीठ मळलं, भाकर थापली आणि तव्यावर टाकली. तेलाची फोडणी देऊन पिठलं केलं. दुसऱ्या भाकरीला गीताबाई शेजारी बसली आणि तिसरी गीताबाईनं थापली. दोघींचं बोलणं झालं ते पिठाचंच, कुठल्या शेतातली ज्वारी, पिठाची इरी गेलीय का, भाकर तुटती का, पाणी गरम घेता का गार.

अकराला तेसबा आला. ताट बघून त्यानं एकदा सरजाबाईकडं बघितलं आणि जेवायला बसला. चार भाकरी खाल्ल्या. गीताबाई म्होरं बसून वाढत होती. चौथ्या भाकरीला म्हणाली, "माय, एवढा भुकेला होता का गं हा."

तेसबा गेल्यावर आबासाहेब जेवायला आत आले. दुरडीत एक भाकर उरली होती, कडा जरा जाड, वस्तीतल्या बाया थापतात तशी. कुणी थापली ते त्यांना ठाऊक होतं. सरजाबाई चुलीपाशीच होती. त्यांनी ती भाकर उचलली, पिठल्याला लावली, खाल्ली. मग म्हणाले, "सरजाबाई, पिठल्यात मीठ कमी हाय."

"तुमच्या डब्यातलंच हाय, आबासाहेब. मला कुठं ठाव, किती खारट लागतं तुमच्यात."

तेवढंच. 

मग खैरूबीला सांगून झालं, रेल्वेच्या चाळीत सांगून झालं. सगळ्या घरांत तो हसण्याचाच विषय झाला. ऑगस्टाच्या शेवटल्या रविवारी तेसबा खानावळीत आला आणि म्हणाला, "पुन्याला कळवलं, मावशी. न्हाई येत."

दिनकररावांनी घास खाली ठेवला. ते म्हणाले, विचार करून केलंस ना? तिथलं नाव मोठं आहे. तेसबा म्हणाला, गुरुजी, नाव मोठं हाय, पन तिथं मी उपाशी हाय हे कुनाला कळलं नसतं.

सरजाबाई त्याला काही शाबासकी देणारी बाई न्हवती. ती म्हणाली, "मंग अभ्यास कर नीट. नापास झालास तर सात घरांना तोंड मला दावायचंय, तुला न्हाई."

तो नापास झाला न्हाई. तीन वर्षं सात घरी जेवला. लग्नाकार्यात पाणी वाढलं, करीमभाईच्या पोरीला गणित शिकवलं, आबासाहेबांच्या ज्वारीवरची कीड ओळखून दिली. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तवा गावात ताण होता, दुकानं बंद होती. सरजाबाईनं त्याला निरोप धाडला, ह्या बुधवारी आबासाहेबांकडं जाऊ नको, तिथं माणसं तापलेली असतील. पण निरोप पोचायच्या आत तो जाऊन जेवून आला होता. तिनं विचारलं, काही बोलले का? तो म्हणाला, आबासाहेब गप होते, गीताबाईनं रोजच्यापेक्षा एक भाकर जास्ती वाढली.

त्याच उन्हाळ्यात तो पास होऊन आपल्या मुलखाला गेला. स्टेशनावर सहा घरांची माणसं होती. आबासाहेब न्हवते, त्यांची जीप होती. सरजाबाई आलीच न्हाई. तिची दुपारची पंगत होती, आणि गाडी काय, ती बाई न आल्यानं थांबणार होती थोडीच.

जूनमदी कॉलेजं उघडली. एका दुपारी गीताबाई रिक्षातून उतरून स्टेशनामागच्या गल्लीत शिरली. खानावळीच्या दारात उभी राहिली. पंगतीत हमाल जेवत होते, ते बघून जरा बावरली. मग पदर सावरून म्हणाली, "सरजाबाई, औंदा बुधवारी कुनाला धाडता?"

सरजाबाईनं भाकर उलथली आणि सरकून चुलीपाशी जागा केली.

"आधी आत तर या. दारात उभं राहून मागायचं नसतं."